शूर वडील आणि घरातले वडील

"वडिलांवर चार ओळी लिहायला बसलो की हात अडतो. गाव त्यांना शूर म्हणतं, मला त्यांचा मार आठवतो. मी कृतघ्न आहे का?"

फौजी घरातली मुलं वडील गेल्यावर या ना त्या शब्दांत हे विचारतात. सातारा जिल्ह्यात तर फारच. इथं अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथं घराघरातून माणूस फौजेत गेलेला असतो.

वरचा प्रश्न विचारणारे हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील, म्हणजे आबा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला लढली. आबांनी त्याबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचं भावकीनं ठरवलं आणि लेखणी यांच्या हातात दिली.

लिहिणं तूर्त राहू द्या, आबांची ट्रंक उघडा, असं मी सुचवलं. फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं डिस्चार्ज बुक निघालं, 'पूर्वी स्टार' हे १९७१ च्या पूर्व आघाडीचं पदक निघालं, आईनं जपलेली पत्रं निघाली. पत्त्यात नुसता 'एपीओ', म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, नंबर. नवरा नेमका कुठं आहे हे आईलाही कळायचं नाही. आणि मजकूर? थोरलीला शाळेत घातलं का, विहिरीला पाणी किती, मनीऑर्डर पोचली का. लढाईचा एक शब्द नाही. नोकरीतल्या तारखा आणि घरातल्या तारखा एका वहीत शेजारी-शेजारी मांडल्या, तेव्हा मुलाचा जन्म, आजीचं जाणं, बहिणीचा टायफॉइड, सगळ्याला आबा गैरहजर. "ते आमच्यात नव्हतेच" ही तक्रार खरी निघाली, पण ती आता कोरडी राहिली नव्हती.

मग आईशी बोलणं झालं. लहानपणी झोपलेल्या आबांना हलवून उठवलं म्हणून यांना सणसणीत थोबाडीत बसली होती. आई म्हणाली, "लढाईवरनं आल्यापासनं त्यांना हात लावून उठवायचं नाही, लांबनं हाक मारायची. मला ठावं होतं. तुला कोण सांगणार?"

"म्हणजे त्यांना पीटीएसडी होता," ते म्हणाले. बोलण्यात सुटकेचा सूर होता. मी होकार दिला नाही. जबर आघातानंतर जडणाऱ्या मानसिक त्रासाचं हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत आलंच १९८० मध्ये, आणि गेलेल्या माणसाचं निदान मुलाच्या आठवणींवरून करू नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय कारण कळलं म्हणून थोबाडीत पुसली जात नाही. एकाच माणसाचा अभिमानही वाटतो आणि रागही येतो. आधी हिशोब मिटवू, मग आठवण काढू, असं म्हणणारे वर्षानुवर्षं अडकून पडतात.

वडील हयात असतील तर एक सांगते. "किती शत्रू मारले?" हे कधी विचारू नका. लंगरमध्ये, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, काय मिळायचं, शेजारच्या खाटेवर कोण होतं, सुट्टी मंजूर झाली की घर गाठायला किती दिवस लागायचे, इथून सुरुवात करा. पुढचं त्यांना वाटलं तर ते सांगतील, नाहीतर नाही.

पुस्तिका निघाली. जमालपूर आहे, विहीर आहे, थोबाडीतही आहे. चुलते ते वाक्य काढा म्हणून अडून बसले होते. आईनंच ते ठेवायला लावलं. थोरल्या बहिणीनं मात्र पुस्तिका अजून उघडलेली नाही. तिला आग्रह करायचा का, असं त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं.