पोळी सोडली, वजन परत आलं, आता काय करू?

प्रश्न – ताई नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहतो, वय 43, अंबडला कंपनीत शिफ्ट ड्युटी. वजन 91 होतं. मित्र म्हणाला कार्ब्स बंद कर, तर मी पोळी भाकरी भात सगळं एका दिवसात बंद केलं, नुसती भाजी, अंडी, पनीर, काकडी. पहिल्या आठ दिवसात साडेतीन किलो गेलं! घरात सगळे खूष. मग काटा हलेचना, डोकं दुखायचं, पोट साफ होईना, बायकोवर उगाच चिडायचो. तीन आठवड्यांनी एका लग्नात जिलेबी समोर आली आणि सगळं संपलं, चार दिवसात 2 किलो परत. चहा बंद केला नव्हता, दिवसाला 6 कप होतो पण गुळाचा. आईपण (68) माझ्याबरोबर पोळी सोडून बसली, तिला शुगरची गोळी चालू आहे, एकदा दुपारी तिला दरदरून घाम फुटला आणि हात थरथरायला लागले. परत सुरू करू का? आणि सासरवाडी दिंडोरीची आहे, सीझनला घरी द्राक्षांचे क्रेट येतात, ती चालतात का?

उत्तर – दादा, तुमच्या वजनाचं नंतर बघू, आधी आई. तुमचं पत्र वाचताना मला त्या एका ओळीचीच काळजी वाटली. शुगरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन, हे पोटात काही जावो न जावो साखर खाली आणतातच. गोळी तेवढीच आणि पोळी भात बंद, मग साखर नको तितकी खाली जाते, घाम आणि थरथर ही त्याचीच लक्षणं वाटतात. त्यांचं जेवण आजच पहिल्यासारखं सुरू करा आणि गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा, झालेलं सगळं सांगा, गोळी मनाने बंद करू नका. परत तसं झालं तर लगेच 3 चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला द्या, 15 मिनिटांनी शुगर तपासा, कमीच असेल तर परत द्या, बरं वाटलं की जेवायला वाढा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी कार्ब्स कमी करायचे नाहीत.

आता तुमचं. ते साडेतीन किलो बहुतेक पाणी होतं हो. शरीर थोडी साखर ग्लायकोजेन म्हणून लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साठवतं आणि त्याच्या दर ग्रामबरोबर साधारण 3 ग्राम पाणी धरून ठेवतं, कार्ब्स बंद झाले की आधी हा साठा संपतो, पाणी लघवीवाटे जातं आणि काटा खाली येतो. लग्नात जेवलात, साठा भरला, पाणी परत आलं. म्हणजे तुम्ही चार दिवसात 2 किलो चरबी चढवली नाही, तेवढं मनातून काढून टाका.

अमेरिकेत 2018 मध्ये 609 जणांवरचा एक अभ्यास आला होता, अर्ध्यांनी फॅट कमी केलं, अर्ध्यांनी कार्ब्स, वर्षभरानंतर एक गट सरासरी 5.3 किलोने उतरला आणि कार्ब्सवाला 6 किलोने, म्हणजे जवळपास सारखंच. दोन्हीकडच्यांना साखर आणि मैदा कमी करायला सांगितलं होतं. म्हणून मी म्हणते, पोळीच्या आधी चहाकडे बघा. 6 कप, प्रत्येकी 2 चमचे, म्हणजे दिवसाला 50 ग्रामच्या आसपास आणि महिन्याला दीड किलो गोड नुसतं चहातून! गूळ असला तरी हिशोब तोच, त्यात लोह वगैरे असतं पण इतकं थोडं की वजनासाठी गूळ म्हणजे साखरच धरायची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेलं गोड दिवसाला 25 ग्रामच्या आत असेल तर उत्तम. तर दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जिभेला सवय होते, खरंच होते. कॅन्टीनचा चहा आधीच गोड केलेला असतो, तिथे कपच कमी करा, आणि सोबतची खारी आणि बिस्किटं सोडाच.

पोळी खायची. मध्यम पोळी म्हणजे साधारण 30 ग्राम कणीक, 100 कॅलरी. चार खात असाल तर दोन खा, पण काढलेल्या दोनच्या जागी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि भरपूर पालेभाजी आली पाहिजे, नाहीतर संध्याकाळी भूक लागून फरसाणच्या डब्याकडे हात जाणारच. बाजरीची भाकरी चांगली, फक्त आपली मोठी भाकरी पिठाच्या मापाने दोन पोळ्यांएवढी असते हे धरा. तुमचं पोट साफ होत नव्हतं ते धान्याबरोबर फायबर गेलं म्हणून.

मिसळीचं तुम्ही विचारलं नाहीत पण नाशिककर आहात म्हणून सांगते, रविवारी जरूर खा, उसळ जास्त मागा, पाव एकच, तर्री बेताची, आणि शेजारची जिलेबी घेऊ नका. द्राक्षं चालतात. 100 ग्राममध्ये 16 ग्रामच्या आसपास साखर असते, एक वाटी जेवणानंतर पुरे, क्रेटजवळ बसून गप्पा मारत खाल्ली की किलो कधी संपतो कळत नाही. ज्यूस नको, बेदाणे अगदी मोजून. आणि जेवण झालं की 15 मिनिटं चाला, पांडवलेणी चढायला सुट्टीचा दिवस ठेवा. महिन्याला दीड दोन किलो उतरलं तरी मला ते साडेतीनपेक्षा जास्त आवडेल.

प्रश्न – मी पंचवटीत राहते. संकष्टी, दोन्ही एकादश्या, सोमवार, एवढे उपास करूनही वजन वाढतंच आहे, असं का?

उत्तर – ताई, साबुदाण्यामुळे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रोटीन नावाला, त्यात बटाटा, तूप आणि वर गोड दही, मग उपास कसला. श्रद्धेने करता तर उपास सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. राजगिऱ्याची भाकरी, ताक, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर असं ठेवा, खिचडी केलीच तर छोटी वाटी. संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा, तोवर नुसत्या चहावर राहिलं की पानावर बसल्यावर मोदक किती जातात मोजत नाही कोणी. संध्याकाळी सहाच्या सुमारास वाटीभर साधं दही आणि मूठभर भाजलेले दाणे खाऊन घ्या, मग रात्री एक मोदक पुरतो.