बंद खोलीत पृथ्वीचे फिरणे मोजता येते का?

प्रश्न : आकाशाकडे न बघता, नुसत्या प्रकाशाच्या उपकरणाने पृथ्वीचे फिरणे टिपता येते म्हणतात. आमच्या शाळेत जमेल का? खोली टिनाच्या छपराची आहे.
– एक शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : तत्त्व सोपे आहे. एकाच उगमाचा प्रकाश दुभागून फायबरच्या (प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूच्या) वेटोळ्यात दोन्ही टोकांनी सोडायचा. फेरी पुरी होईतो वेटोळे पृथ्वीबरोबर किंचित वळते. त्या दिशेने निघालेल्या किरणाला वाट जास्त पडते, उलट्याला कमी. दोन्ही किरण पुन्हा एकत्र आणले की प्रकाश-अंधाराचे पट्टे दिसतात आणि वाटांतल्या फरकाने ते सरकतात. सान्याक या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने हा परिणाम १९१३ साली दाखवला. १९२५ मध्ये मायकेलसन आणि गेल यांनी इलिनॉयमध्ये हवा काढलेल्या नळांचा सुमारे ६१२ बाय ३३९ मीटरचा आयत उभारला, तेव्हा कुठे पट्टे पाव पट्ट्याहूनही कमी सरकले!

आज १ किमी फायबर २० सेंमी व्यासाच्या रिळावर मावते. पण १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाटेतला फरक फार तर ०.०५ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या व्यासाहून कमी. फरक शून्याजवळ असताना एकत्र आलेल्या प्रकाशाची तीव्रता जवळपास बदलतच नाही, म्हणून कला-मॉड्युलेटर (प्रकाशलहरी ठरावीक गतीने मागेपुढे सरकवणारे उपकरण) लागतो. फायबरच्या या लांबीला तो सुमारे १०० किलोहर्ट्झवर चालवायचा. लेसर पॉइंटर चालणार नाही, फायबरमध्ये विखुरलेला प्रकाश घोळ घालतो. एसएलडी (लेसरइतका एकरंगी नसलेला प्रकाश देणारा डायोड) आणि ध्रुवीकरण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) टिकवणारे फायबर घ्या.

रीळ टेबलावर आडवे ठेवायचा मोह होतो. आपल्याकडे अक्षांश २१°, तसे ठेवले तर जास्तीत जास्त शक्य संकेताच्या ३६ टक्केच मिळतो. रीळ उभे करून त्याचा अक्ष (मधल्या भोकातून जाणारी रेषा) दक्षिणोत्तर ठेवा : ९३ टक्के. मग १८०° फिरवून दोन्ही वाचने वजा करा. इलेक्ट्रॉनिक्सची कायमची चूक जाते, संकेत दुप्पट उरतो. अक्ष पूर्व-पश्चिम केल्यावर ही वजाबाकी शून्य यायला हवी. नाही आली तर उष्णता शोधा.

टिनाची अडचण तीच. फायबरचा एखादा भाग तापत असताना दोन्ही किरण तिथून वेगवेगळ्या क्षणी जातात आणि खोटे फिरणे दिसते. फायबर मधोमध धरून दोन्ही अर्धे आलटून-पालटून गुंडाळा, रीळ थर्माकोलच्या पेटीत ठेवा, पंखा बंद, वाचने पहाटे.

खरे सांगायचे तर हे काम प्रकाशिकीची प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयाचे. आकाश बघायची तयारी असेल तर शाळेला दुर्बीण पुरे : ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी मोटर बंद करून मृगातल्या तीन ताऱ्यांपैकी एक १° दृष्टिक्षेत्राच्या (दुर्बिणीतून दिसणाऱ्या गोल भागाच्या) बरोबर मधून जाऊ द्या, ४ मिनिटे लागतील. बाजूने गेला तर वेळ कमी भरेल.