टी स्क्वेअर गेला कुठे?

बार्शीहून पुण्याला शिकायला आलेल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सीईटीला फिजिक्समध्ये 96 पर्सेंटाइल, ई अँड टीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगला, नंबर लागला. आणि पहिल्याच सेमिस्टरला इंजिनिअरिंग फिजिक्सच्या इनसेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) 30 पैकी 7. शेवटच्या एंडसेमलाही तीच गत, बॅक लागला, म्हणजे विषय राहिला. ती लिहिते, 'न्यूटन्स रिंग्जचं डेरिव्हेशन मी चार वेळा लिहून पाठ केलं होतं. पेपरात टी स्क्वेअर सोडून द्यायची ओळ आठवली नाही आणि पुढचं सगळं अडलं.' वडिलांचं म्हणणं असं, की झेपत नसेल तर घरी ये, बीसीए कर. डिप्लोमाची मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात, त्यांना हा पेपर नसतोच, मग तुलाच हा जाच कशाला? शेवटी तिने विचारलंय, 'मॅडम, माझे 96 पर्सेंटाइल खोटे होते का?'

नाही गं. कष्टाने मिळवलेले होते ते, आणि ते कुणी काढून घेतलेले नाहीत. फक्त ते कशाचे होते ते नीट बघ. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. चार पर्याय समोर असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्या 54 सेकंदांत प्रश्न कुठल्या धड्यातला, फॉर्म्युला कोणता, किंमती कुठे घालायच्या एवढं ओळखायचं असतं. दोन वर्षं तू तेच घोटलंस आणि त्यात तरबेज झालीस. कॉलेजचा पेपर मात्र तो फॉर्म्युला मुळात आला कुठून ते विचारतो, आणि त्याचा सराव तुझ्याकडून कुणी करून घेतलेलाच नव्हता. मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवलं. सीईटीत चमकलेली मुलं ऑक्टोबरात पडक्या चेहऱ्याने स्टाफरूमच्या दारात उभी राहायची. त्यातलं कुणीही ढ नव्हतं, म्हणून तुझं पत्र वाचून मला भीती वाटली नाही.

आता तुझा टी स्क्वेअर. तो विसरल्याचं तुला वाईट वाटतंय. मला वाईट वाटतं ते याचं, की तो का सोडायचा हे तुला कुणी दाखवलं नाही. आपण आत्ताच बघू.

सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग ठेवलंय. मधे हवेची पातळ फट आहे, कडेला जाईल तशी ती वाढते. वरून प्रकाश टाकला की या फटीमुळे काळी आणि उजळ वलयं दिसतात, त्याच न्यूटन्स रिंग्ज. वर्तुळाच्या भूमितीतून एवढंच निघतं: वलयाच्या त्रिज्येचा वर्ग म्हणजे, भिंगाच्या वक्रता त्रिज्येची दुप्पट गुणिले फटीची जाडी, त्यातून वजा जाडीचा वर्ग. ही जाडी म्हणजेच तुझा टी. आता आकडे घालू. वक्रता त्रिज्या 100 सेंटिमीटर धर. सोडियमच्या दिव्याची तरंगलांबी 5893 अँगस्ट्रॉम. पंधराव्या काळ्या वलयाची त्रिज्या येते जवळपास 0.3 सेंटिमीटर. तिथे फटीची जाडी किती? सुमारे 0.00045 सेंटिमीटर. पहिलं पद येतं 0.09 आणि जाडीचा वर्ग येतो 0.0000002. दुसरं पद पहिल्याच्या साडेचार लाखाव्या हिश्श्याहूनही थोडं लहान आहे! लाखाच्या खरेदीत पाव रुपया इकडेतिकडे झाला तर आपण हिशेब पुन्हा मांडतो का? म्हणून तो सोडायचा.

हे गणित एकदा स्वतःच्या हाताने कर. मग ती ओळ पाठ करावी लागणार नाही, आपोआप आठवेल.

आणि तुझं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, काढ. पंधराव्या वलयाचा व्यास तुझ्या रीडिंगमध्ये 6 मिलिमीटरच्या आसपास आहे का ते बघ (तुमच्या लॅबचं भिंग वेगळं असेल तर थोडा कमीजास्त). रीडिंग शेजारच्या बॅचकडून उतरवली असशील तर रागावत नाही, पण या वेळी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपवर स्वतः बस. स्क्रू एकाच दिशेने फिरवत डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जा. एखादं वलय हुकलं म्हणून मागे फिरलीस की आट्यांमधल्या सैलपणामुळे स्क्रू थोडा नुसताच फिरतो, मायक्रोस्कोप जागचा हलत नाही आणि रीडिंग चुकतं. ओरलला हा प्रश्न हमखास येतो. ज्याने स्क्रू स्वतः फिरवलाय त्याला उत्तर शोधावं लागत नाही.

दुसरी अडणारी जागा क्वांटमची. श्रोडिंजरचं समीकरण, पार्टिकल इन अ बॉक्स, बाउंड्री कंडिशन. नावं ऐकूनच धडकी भरते. पण बारावीला सुपरपोझिशन ऑफ वेव्हजच्या धड्यात दोन्ही टोकं बांधलेली तार तू शिकली आहेस. टोकं हलत नाहीत, म्हणून तारेत अर्ध्या तरंगलांबीचे पूर्णच तुकडे मावतात: एक, दोन किंवा तीन; अडीच कधीच नाहीत. डबीतला इलेक्ट्रॉन हीच तार आहे. डबीच्या भिंतीपाशी तरंग शून्य असला पाहिजे, यालाच बाउंड्री कंडिशन म्हणतात. त्यात 1924 सालचा द ब्रॉयचा नियम जोड, म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले तरंगलांबी बरोबर संवेग. दोन ओळींत ऊर्जेचं सूत्र हातात येतं. पेपरात श्रोडिंजरच्या समीकरणातूनच लिहायचं, मार्क त्याचेच आहेत. पण शेवटी कुठे पोचायचंय ते आधी माहीत असलं की वाटेत घाबरायला होत नाही. फेट नावाची मोफत सिम्युलेशन्स आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, त्यातली बरीच मराठीतही आहेत. तारेवरच्या तरंगांचं एक आहे, त्यात टोक बांधून बघ.

ही डबी काल्पनिक आहे असंही समजू नकोस. 1 नॅनोमीटरच्या डबीत इलेक्ट्रॉनची सगळ्यात कमी ऊर्जा 0.38 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात येते. डबी निम्मी केली की ऊर्जा चौपट. क्वांटम डॉटचा (काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणाचा) आकार बदलला की त्याचा रंग बदलतो तो याच कारणाने, आणि 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच कामाला मिळालं.

वडिलांचा डिप्लोमाचा मुद्दा बरोबर आहे, अर्धा. ती मुलं पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला त्यांच्या पातळीचं फिजिक्स करून आलेली असतात, आणि दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या, पेपरात त्यातल्या कितीतरी जणांची दमछाक मी पाहिली आहे. शिवाय तुझ्या शाखेत हा विषय इथे संपत नाही. फर्मी लेव्हल, हॉल इफेक्ट, पी-एन जंक्शन हे सगळं दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक डिव्हाइसेसच्या विषयात पुन्हा येतं. बीसीए वाईट नाही. तुला प्रोग्रामिंगचीच ओढ असती तर मीच म्हटलं असतं, जा. पण पत्रात तशी एक ओळ नाही. एका पेपराच्या धाकाने शाखा बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि वडिलांना हे पत्र जरूर वाचून दाखव. त्यांना फीची काळजी आहे, ती रास्त आहे. जास्तीत जास्त किती विषय राहिलेले असताना दुसऱ्या वर्षाला बसता येतं, तो नियम कॉलेजच्या परीक्षा विभागातून विचारून घे आणि त्यांना दाखव. मित्रमैत्रिणींच्या सांगण्यावर राहू नकोस.

अभ्यासाचं एकच सांगते, कारण दहा गोष्टी सांगितल्या तर एकही होणार नाही. डेरिव्हेशन लिहिताना पानाच्या उजवीकडे रुंद समास सोड. डावीकडे इंग्रजीत पायरी, उजवीकडे त्या पायरीचं कारण, मराठीत, तुझ्या शब्दांत. 'इथे जाडी फार लहान, म्हणून सोडली.' 'इथे भिंत आहे, म्हणून शून्य.' जिथे समास कोरा राहील तिथे तुला कळलेलं नाही, आणि तेवढीच ओळ घेऊन सरांकडे जा. 'सर, काहीच कळत नाही' म्हणून गेलीस तर त्यांनाही कुठून सुरुवात करावी कळत नाही. विचारताना मराठीत विचार. वर्गात लाज वाटत असेल तर लॅबमध्ये विचार, तिथे गर्दी कमी असते.

रोज एक पान पुरे. पहिलं पान न्यूटन्स रिंग्जचंच कर आणि समासासकट फोटो काढून मला पाठव. कोरी जागा राहिली तरी तशीच पाठव, ती आपण मिळून भरू.