पुरातत्त्व शिकायचंय? आपली शाखा सोबत घेऊन या

प्रश्न : मॅडम, मी बारावी विज्ञानला आहे. जीवशास्त्र मनापासून आवडतं आणि पुरातत्त्वही. घरचे म्हणतात, पुरातत्त्व करायचं तर कला शाखा घे. जीवशास्त्र सोडावं लागेल का?
– विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : मुळीच सोडू नकोस. पुणे जिल्ह्यातलं इनामगाव बघ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथलं ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याबरोबर दगडाचीही हत्यारं वापरणाऱ्या काळातलं, गाव खणून काढलं. मातीची घरं, चित्रं काढलेली खापरं, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घरातच पुरलेली लहान मुलं, हे सगळं डोळ्यांना दिसत होतं. पण ती माणसं जव पिकवत होती हे कळलं जळक्या दाण्यांवरून, आणि ते ओळखायला वनस्पतिशास्त्र लागलं. कोणती जनावरं पाळली आणि कोणती शिकार करून खाल्ली, हे हाडांनी सांगितलं. सांगाड्यांच्या दातांवर तर वेगळा अभ्यास झाला. उत्तरकाळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती आटली आणि लोक शिकारीकडे व शेळ्या-मेंढ्यांकडे वळले, असं उत्खनकांनी त्यावर मांडलं. एवढं म्हणायला नुसती झोपडी पुरत नाही. दाणे आणि हाडं हाताशी असावी लागतात.

तेव्हा वनस्पतिशास्त्रात किंवा प्राणिशास्त्रात पदवी घे आणि सुट्टीत उत्खननाच्या शिबिराला जा. चुलीतली माती पाण्यात सोडली की जळके दाणे वर तरंगतात, ते कापडावर गाळून घ्यायचे असतात. हे स्वतःच्या हाताने कर. दाणा कोणत्या थरातून आला याची चिठ्ठी पिशवीत नसेल, तर उत्तम सूक्ष्मदर्शकही काही सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत बसून दुसऱ्यांनी पाठवलेल्या पिशव्या उघडणारे अभ्यासक मला अपुरे वाटतात.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे. कार्बन चाचणीने वय कळतंच, मग आम्हाला पुरातत्त्व शिकायची काय गरज?
– चेंबूर

उत्तर : याचं उत्तर तुझ्याच शहरात आहे. १९६०च्या दशकात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किरणोत्सारी कार्बनची प्रयोगशाळा होती. जुन्या उत्खनन अहवालांत ‘टीएफ’ अक्षरांनी सुरू होणारे नमुना क्रमांक दिसतात, ते इथले. डी. पी. अग्रवाल आणि शीला कुसुमगर यांनी तिथे हडप्पा संस्कृतीच्या स्थळांचे नमुने मोजले. त्या आधारे अग्रवालांनी १९६४मध्ये या संस्कृतीचा काळ साधारण इ.स.पू. २३०० ते १७५० असा मांडला. मोजणी चोख होती. लाकडातला कार्बन-१४ किती घटला यावरून वय काढतात, मात्र वातावरणातलं कार्बन-१४चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. झाडांच्या वार्षिक वलयांशी ताळा घालून तारखा दुरुस्त करण्याची पद्धत पुढे रुळली आणि नागर हडप्पा काळ, म्हणजे तिथली शहरं भरात असतानाचा काळ, आता साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरला जातो.

शिवाय यंत्र वय सांगतं ते लाकडाचं. जुन्या इमारतीतली तुळई नव्या घरात वापरली असेल, तर घर आहे त्याहून म्हातारं ठरतं. तो कोळसा चुलीतला, तुळईचा की उंदराच्या बिळातून खाली घसरलेला, हे उत्खननाच्या चरात उभं राहूनच कळतं. म्हणून शिकायचं.

प्रश्न : बी.कॉम. झाल्यावर पुरातत्त्वात एम.ए. करता येईल का?
– माटुंगा

उत्तर : येईल. डेक्कन कॉलेजचं एम.ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुलं आहे. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी तपासून घे. यंदा पदवीचा अभ्यास सांभाळून प्राचीन भारताचा इतिहास नीट वाचून काढ.

प्रश्न : मुलीने हे क्षेत्र धरलं आहे. आम्ही नोकरदार माणसं. तिला नोकरी मिळेल का, खरं सांगा.
– एक वडील, मुलुंड

उत्तर : खरंच सांगते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचं पुरातत्त्व संचालनालय इथल्या जागा थोड्या असतात आणि भरती सावकाश होते. पहिली काही वर्षं प्रकल्पांवरच्या ठरावीक मुदतीच्या कामांत जातात. हे पचवायची घराची तयारी हवी. सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे. तिथे इतिहास-पुरातत्त्वाबरोबर मानववंशशास्त्र, भूशास्त्र आणि संस्कृत-पाली-फारसीसारख्या भाषांच्या एम.ए., एम.एस्सी. झालेल्यांनाही वाव असतो. मुलीला जोडीला एक हातचं कौशल्य घेऊ द्या. नकाशे आणि जीआयएस (संगणकावर नकाशे व स्थळांची माहिती जोडण्याचं तंत्र), मोजमापाची रेखाटनं किंवा वस्तूंचं जतन, यांतलं काहीही चालेल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, ते तिला दाखवून आणा. तिथे रसायनशास्त्र शिकलेल्यांना काम किती असतं ते तुम्हालाही दिसेल.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. संस्कृत घेऊन बी.ए. केलं होतं. आता सुरुवात करणं हास्यास्पद ठरेल का?
– गिरगाव

उत्तर : अजिबात नाही. डॉ. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकलेले डॉक्टर होते. दवाखाना सांभाळून त्यांनी शिलालेखांचा अभ्यास केला. त्यांच्याबरोबर काम करणारे भगवानलाल इंद्रजी विद्यापीठात शिकलेले नव्हते. त्यांनी १८८२मध्ये सोपाऱ्याचा स्तूप खणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच तिथे मिळाला.

तुमचं संस्कृत ही मोठी पुंजी आहे. त्यात प्राकृत आणि ब्राह्मी लिपीची भर घाला. कान्हेरी लेण्यांतले बहुतेक जुने लेख प्राकृतात आहेत. तिथे अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी मंडळींचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेखही आहेत. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने नोकरदार आणि निवृत्तांना जमतील असे पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालवले आहेत. कालिन्याला जाऊन यंदाची चौकशी करा.

प्रश्न : आमच्या भागात पायाच्या खोदकामात जुनी खापरं निघाली. मी एम.एस्सी. रसायनशास्त्र करते. कॉलेजात पूड करून विश्लेषण केलं तर चांगला प्रकल्प होईल ना?
– वसई

उत्तर : पूड करू नकोस. विश्लेषणात खापराचा तो भाग कायमचा संपतो. कुठून, किती खोलीवरून निघालं याची नोंद नसेल तर मिळालेल्या आकड्यांचा उपयोगही होत नाही. तू सोपाऱ्याच्या शेजारी राहतेस, त्यामुळे ही खापरं प्राचीन बंदराच्या काळातली असू शकतात, किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या कुंभाराची. काठ, जाडी, माती, रंग पाहून हे जाणकार आधी ठरवतील.

ती धुऊ नकोस. जागेचे फोटो काढ, खोली मोज आणि तारीख लिही. तहसीलदार कार्यालयाला लेखी कळव आणि पत्राची प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला पाठव. नाणी किंवा दागिने निघाले असतील, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणखी खणायला जाऊ नकोस. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. प्रकल्पच हवा असेल तर आजच्या कुंभाराकडून माती घे, वेगवेगळ्या तापमानाला भाज आणि मातीत काय बदल होतात ते मोज. जुन्या खापरांवर काम करायची वेळ येईल तेव्हा हे आकडे तुलनेला लागतीलच.