टोकियोत परदेशातून आलेले लोक कुठल्या भागात राहतात? भारतीय कुठे सापडतील?

भारतीय मुख्यतः निशी-कासाईत, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डात. कोरियन आणि अलीकडे नेपाळी शिन-ओकुबोत, चिनी इकेबुकुरोच्या आसपास, आणि दूतावासांजवळच्या हिरो-अझाबूत पाश्चात्त्य कंपन्यांचे मोठे अधिकारी.

निशी-कासाईचं कारण अगदी व्यवहारी आहे. २००० सालच्या सुमारास वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना संगणकांत तारखांचा घोळ होऊ नये यासाठीच्या कामाला, आपले आयटीवाले मोठ्या संख्येने आले. त्यांची ऑफिसं शहराच्या मध्यभागी ओतेमाची-निहोनबाशीकडे होती आणि तोझाई लाइन या मेट्रोने निशी-कासाईहून तिथे पंधरा-वीस मिनिटांत, गाडी न बदलता पोचता येतं. त्याहून महत्त्वाचं घर. जपानमध्ये खाजगी घरमालक बहुधा जामीनदार मागतो, शिवाय ‘रेइकिन’ नावाची परत न मिळणारी रक्कम घेतो, आणि परदेशी म्हटल्यावर सरळ नकार देणारेही आहेत. निशी-कासाईत यूआर या निमसरकारी संस्थेच्या भाड्याच्या इमारती आहेत; तिथे जामीनदार लागत नाही, रेइकिन नाही, एजंटची दलाली नाही. फक्त डिपॉझिट आणि पगाराचा पुरावा. नव्याने आलेल्या कुटुंबाला हा फार मोठा आधार असतो. मग मागोमाग किराणा दुकानं, मंदिर, भारतीय शाळा आल्या. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावातून वॉर्ड सभेवर निवडून आले.

मात्र निशी-कासाईतच घर मिळवायचा हट्ट धरू नका. शेजारच्या कोतो वॉर्डातल्या ओजिमातही यूआरच्या इमारती आहेत आणि भारतीय कुटुंबंही बरीच आहेत. आधी ऑफिस कुठल्या लाइनवर आहे ते बघा, मग घर.