वाचक विचारतात : तिसऱ्यावरून सहावा

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा, गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटच्या प्रॅक्टिसला जातो. कोचनी त्याला बॅटिंगमध्ये तिसऱ्या नंबरवरून सहाव्यावर टाकलं आणि त्याच्या जागी त्याच्याच मित्राला पाठवलं, तेव्हापासून किटबॅग कोपऱ्यात तशीच पडलीय, मित्राशी बोलणंही बंद. काय करू?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, त्याला राहुल द्रविडची गोष्ट सांगा. मार्च २००१, ईडन गार्डन्स, ऑस्ट्रेलियाने फॉलोऑन दिलेला, म्हणजे आपल्याला लागोपाठ दुसऱ्यांदा बॅटिंगला उतरवलेलं, आपण २७४ रननी मागे, आणि द्रविडची हक्काची तिसरी जागा व्ही. व्ही. एस. लक्ष्मणला दिली, द्रविड सहाव्यावर. वाईट वाटलंच असेल हो, माणूसच तो! पण मग त्याच लक्ष्मणसोबत चौथा अख्खा दिवस खेळला, एकही विकेट नाही, ३७६ची पार्टनरशिप. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, आणि मॅच आपण १७१ रननी जिंकली. मला तर आजही त्या १८०चं जास्त कौतुक वाटतं. पुढे २००३च्या वर्ल्ड कपमध्ये टीमला एक बॅट्समन जास्त खेळवता यावा म्हणून त्याने विकेटकीपिंगचे ग्लोव्हजही घातले.

मित्राशी चुरस असूच दे, पण ती नेट प्रॅक्टिसमध्ये. सहाव्या नंबरला बॉल जुना झालेला असतो, बहुतेक स्पिनर चालू असतात, सोबतीला शेपूट (तळाचे, बॅटिंग कच्ची असलेले बॉलर), म्हणजे स्वीप (गुडघा टेकून आडव्या बॅटने मारायचा फटका), एकेरी धावा आणि समोरच्याला सांभाळून घेणं हे वेगळंच शिकावं लागतं. कोचना विचारायला लावा, "सर, माझं नेमकं काय कमी पडतंय?" हे त्यानेच विचारायचं, तुम्ही नाही. आणि आज संध्याकाळी ती बॅग उघडून ग्लोव्हज तेवढे हवेशीर जागी वाळत टाकायला सांगा, घामाने कडक झाले असतील.