होतं ते बहुमत मागायला गेल्या

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

नेतृत्वावर काय वाचू, असं तू विचारलं आहेस. पुस्तकं नंतर बघू. आधी एक निकाल वाच: ब्रिटनची ८ जून २०१७ ची सार्वत्रिक निवडणूक. जिंकलेल्या निवडणुका फारसं शिकवत नाहीत, कारण जिंकल्यावर मांडव घालणाराही रणनीतिकार ठरतो. या निवडणुकीत मात्र हातात सगळं असताना ते कसं निसटलं, हे तारीखवार बघता येतं.

तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या हुजूर पक्षाने २०१५ मध्ये ६५० पैकी ३३० जागा जिंकल्या होत्या. कामकाजापुरतं १७ चं बहुमत होतं आणि २०२० पर्यंत निवडणूक घ्यायची गरज नव्हती. चाचण्यांत वीसेक टक्क्यांची आघाडी होती. फेब्रुवारीत कोपलंडची पोटनिवडणूक त्यांनी मजूर पक्षाकडून हिसकावून घेतली होती. सत्ताधाऱ्यांनी पोटनिवडणुकीत विरोधकांची जागा खेचून आणणं १९८२ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. समोर होते मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन. वर्षभरापूर्वी त्यांच्याच १७२ खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला होता, बाजूने राहिले होते ४०. अशा वेळी घ्या निवडणूक, असं कोण म्हणणार नाही? १८ एप्रिलला घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी संसदेने ५२२ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली. ५१ दिवसांनी हुजूर पक्षाच्या ३१७ जागा उरल्या. सरकार मे यांचंच राहिलं, बहुमत गेलं.

आता पहिली चूक तू करशील ती अशी: ‘लोकांनी मे यांना नाकारलं’ असं लिहून मोकळा होशील. आकडे तसं सांगत नाहीत. त्यांच्या पक्षाची मतं ३६.९ टक्क्यांवरून ४२.४ वर गेली. मार्गारेट थॅचर यांनाही १९८३ मध्ये ४२.४ टक्केच मिळाली होती, आणि तेवढ्यावर त्यांनी ३९७ जागा घेतल्या होत्या. फरक पडला समोरच्या बाजूला. १९८३ मध्ये मजूर पक्ष २७.६ टक्क्यांवर होता आणि विरोधी मतं दोन जवळजवळ सारख्या वाट्यांत फुटली होती. २०१७ मध्ये तो ३०.४ वरून थेट ४० वर गेला. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, या पद्धतीत आपली मतं हा अर्धाच हिशेब असतो. विरोधकांची मतं फुटलेली आहेत की एकवटली आहेत, हा उरलेला अर्धा. प्रचार कार्यालयात आपला आलेख भिंतीवर मोठा लावतात आणि समोरच्याचा लावत नाहीत, हे तू कुठेही गेलास तरी दिसेल.

याच हिशेबातली दुसरी चूक यूकिपच्या मतांची. युरोपातून बाहेर पडा म्हणणारा हा पक्ष १२.६ टक्क्यांवरून १.८ वर आला. ती मतं आपसूक आपल्या पारड्यात पडतील, हे हुजूर पक्षाने गृहीत धरलं. बरीच पडलीही. मॅन्सफिल्डसारखी जुनी मजूर जागा त्यामुळेच हाती आली. पण सगळी आली नाहीत. आणि त्या मतदाराला खूश करायला जी भाषा वापरली, तिने युरोपात राहू इच्छिणारा सुशिक्षित शहरी मतदार दुखावला. लंडनमधला केन्सिंग्टन, म्हणजे देशातल्या सर्वांत श्रीमंत वस्त्यांपैकी एक, मजूर पक्षाने २० मतांनी जिंकला.

हे झालं अंकगणित. खरी गोम पुढे आहे. मे यांनी लोकांना एक प्रश्न विचारला: ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, वाटाघाटींसाठी माझे हात बळकट कराल का? नेत्याला वाटतं, प्रश्न मी विचारला म्हणजे उत्तरही त्याचंच येणार. तसं होत नाही, आणि याचा ब्रिटनला जुना अनुभव आहे. १९२३ मध्ये पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांनी चांगलं बहुमत असताना आयात जकातीच्या प्रश्नावर कौल मागितला आणि बहुमत घालवलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये एडवर्ड हीथ यांनी खाण कामगारांच्या संपात ‘देश कोण चालवतं?’ असं विचारलं. जागा आल्या २९७, मजूर पक्षाच्या हॅरोल्ड विल्सन यांना ३०१. थोडक्यात, ‘तुम्ही नाही’ असं उत्तर आलं. आपल्याकडे १९९९ साली युती सरकारने विधानसभा मुदतीआधी बरखास्त करून लोकसभेबरोबर निवडणूक घेतली आणि सत्ता काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेली. तिथली कारणं वेगळी होती, पण नेता मुहूर्त ठरवतो आणि विषय मतदार ठरवतो, एवढं साम्य आहेच.

मे यांच्या बाबतीत विषय बदलला तो त्यांच्याच जाहीरनाम्यातल्या वृद्धांच्या देखभालीच्या कलमाने. हे कलम नीट समजून घे, कारण तुझ्या कामात याच जागी घोडं अडणार आहे.

इंग्लंडमध्ये म्हातारपणी देखभाल लागली आणि तुमच्याकडे २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असेल, तर खर्च तुमचा तुम्ही करायचा. शुश्रूषागृहात राहायला गेलात तर सहसा राहतं घरही मालमत्तेत धरलं जाई. देखभाल स्वतःच्या घरीच घेतलीत तर घर धरलं जात नसे. १८ मे रोजी हॅलिफॅक्समध्ये प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने दोन बदल सुचवले. २३,२५० ची मर्यादा एक लाखावर नेली, आणि घरी घेतलेल्या देखभालीसाठीही घराची किंमत धरायची ठरवली. पैसे मृत्यूनंतर घर विकून वळते करायचे. खर्चाला वरची मर्यादा मात्र नाही. आधीच्या कायद्याने ७२ हजारांची मर्यादा कबूल केली होती, तिची अंमलबजावणी पुढे ढकललेली होती. ती आता नकोच, असं जाहीरनामा म्हणाला.

कागदावर हे इतकं वाईट नव्हतं. अडीच लाखांचं घर असलेले एक आजोबा कायमचे शुश्रूषागृहात आहेत असं धर. जुन्या नियमाने त्यांच्याकडचे तेवीसेक हजार उरेपर्यंत खर्च त्यांच्यावर होता. नव्या नियमाने एक लाख शाबूत राहतात, म्हणजे जवळजवळ ७७ हजारांचा फायदा. आता तेवढ्याच किमतीच्या घरात राहणाऱ्या एक आजी घे. त्यांची बचत थोडी आहे, स्मृतिभ्रंश झाला आहे, दिवसातून तीनदा बाई येऊन सगळं करते. काल त्यांचं घर सुरक्षित होतं. आज त्यातले दीड लाख जाऊ शकतात. एकच कलम, दोन घरं, दोन उलट निकाल. फायदा झालेले आजोबा चॅनेलवर येत नाहीत. आजींचा मुलगा येतो. विरोधकांनी याला ‘डिमेन्शिया टॅक्स’ नाव दिलं आणि ते चिकटलं. त्यात त्याच जाहीरनाम्यात निवृत्तांचा हिवाळी इंधन भत्ता उत्पन्न बघून द्यायचं आणि पेन्शनवाढीची हमी सैल करायचं कलम होतं. म्हणजे जो वयोवृद्ध मतदार तुमचा हुकमी, त्यालाच एका दमात तीन चिमटे.

म्हणून सवय लाव: कुठलंही कलम छापायला जाण्याआधी चार घरांवर चालवून बघ. एक घर फायद्याचं, एक तोट्याचं, एक सीमारेषेवरचं आणि एक आपल्या सर्वांत निष्ठावान मतदाराचं. प्रत्येक घराचा आकडा काढ, टक्का नको. आणि कमाल तोटा किती, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर कलम काढून टाक. आकड्याला माणसं घासाघीस करतात, पण जिथे आकडाच नाही तिथे मनात येईल तेवढं धरून चालतात.

हा मसुदा मे यांच्या अगदी जवळच्या मोजक्या माणसांनी केला. त्यात मुख्य होते त्यांचे सहप्रमुख सल्लागार निक टिमथी आणि मंत्री बेन गमर. गल्लोगल्ली दार ठोठावणाऱ्या उमेदवारांना काय वाटतं, हे विचारण्याइतका वेळ ठेवलाच नव्हता. गमर यांचा स्वतःचा इप्सविच मतदारसंघ गेला. टिमथी आणि दुसऱ्या सहप्रमुख फिओना हिल यांनी निकालानंतर दुसऱ्याच दिवशी राजीनामे दिले.

जाहीरनाम्यानंतर चार दिवसांनी, सोमवारी २२ मे रोजी, वेल्समधल्या रेक्सहॅमजवळ मे यांनी खर्चाला मर्यादा घालू असं सांगितलं. घूमजाव केल्याने नेता संपत नाही. लोकांना ते चालतं, कधी आवडतंही. बातमीदारांनी विचारलं, म्हणजे तुम्ही बदललात ना? त्यावर त्या आवाज चढवून पुन्हा पुन्हा म्हणाल्या, ‘काहीही बदललेलं नाही.’ ती चित्रफीत शोधून बघ, आवाज बंद करून बघ. खांदे वर जातात, हात फाकतात. प्रचाराची घोषणा होती ‘खंबीर आणि स्थिर’, दिवसातून वीसदा म्हटली जाणारी. त्या क्षणी समोरच्याला दोन्ही दिसेनात. ‘तुमचं ऐकलं, म्हणून बदललं’ एवढं म्हटलं असतं तर विषय दोन दिवसांत मागे पडला असता, असं माझं मत आहे.

घोषणेबद्दल एवढंच. जी घोषणा नेत्याच्या स्वभावाचा दावा करते, ती नेत्याला रोज सिद्ध करावी लागते. प्रचाराच्या बसवर मे यांचं नाव ठळक होतं आणि पक्षाचं नाव बारीक अक्षरांत. सगळा डाव एका व्यक्तीवर लावायचा, तर ती व्यक्ती लोकांसमोर उभी राहायला हवी. ३१ मे रोजी केंब्रिजला सर्व पक्षांचा टीव्हीवरचा वादविवाद होता. कॉर्बिन गेले. मे गेल्या नाहीत, गृहमंत्री अँबर रड यांना पाठवलं. रड यांच्या वडिलांचं दोनच दिवस आधी निधन झालं होतं. तरी त्या उभ्या राहिल्या, चांगलं बोलल्या, आणि त्यामुळे मे यांची गैरहजेरी अधिकच डोळ्यांवर आली.

मुळात मे यांची परीक्षाच झाली नव्हती. जुलै २०१६ मध्ये प्रतिस्पर्धी अँड्रिया लेडसम यांनी माघार घेतली, पक्षसदस्यांचं मतदान झालंच नाही, आणि त्या पंतप्रधान झाल्या. कॉर्बिन मात्र दोन वर्षांत दोनदा पक्षांतर्गत निवडणूक लढून, सभा घेऊन, शिव्या खाऊन आलेले. अपेक्षा इतक्या खाली होत्या की नीट वाक्य बोलले तरी बातमी व्हायची. प्रचारकाळात वाहिन्यांना दोन्ही बाजूंना न्याय्य वेळ द्यावा लागतो, म्हणून लोकांनी त्यांना पहिल्यांदा सलग ऐकलं. आणि प्रचार सात आठवडे लांबला. संसद विसर्जनानंतर २५ कामकाजाचे दिवस पुरे होते, मे यांनी घोषणा आणि विसर्जन यांच्यामध्येच आणखी दोन आठवडे घालवले. आघाडी असेल तेव्हा प्रचार आखूड ठेवावा, हे गावच्या सोसायटीची निवडणूक लढवणाराही सांगेल.

मँचेस्टर आणि लंडन ब्रिजच्या दहशतवादी हल्ल्यांचाही विचार कर. सुरक्षेच्या प्रश्नावर हुजूर पक्षाला फायदा होईल असा अंदाज होता. पण त्याच पक्षाच्या राज्यात २०१० पासून सुमारे २० हजार पोलीस कमी झाले होते, आणि त्यातली सहा वर्षं गृहमंत्री होत्या मे. जुना कारभार असा नको त्या दिवशी दारात येतो.

एका सोप्या उत्तरापासून सावध राहा. निकालानंतर सगळे म्हणू लागले, तरुणांनी रांगा लावल्या. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने ‘यूथक्वेक’ हा वर्षाचा शब्द ठरवला. पुढे ब्रिटिश इलेक्शन स्टडीच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मतदान तपासलं, तेव्हा तरुणांच्या मतदानात तशी लाट आल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. चाचणीवाल्यांचीही गंमत बघ. २०१५ मध्ये अंदाज चुकले, म्हणून यावेळी बऱ्याच जणांनी तरुणांचं मतदान मुद्दाम कमी धरलं. काहींचा शेवटचा अंदाज हुजूर पक्षाला दहा-बारा टक्के पुढे दाखवत होता. प्रत्यक्ष फरक अडीच टक्क्यांच्या आतला होता. मागच्या लढाईची औषधं पुढच्या लढाईत घेतली की असं होतं.

निकालानंतरचा हिशेबही बघ. सिन फेन या उत्तर आयर्लंडमधल्या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे ७ खासदार संसदेत शपथ घेत नाहीत, त्यामुळे व्यवहारात ३२२ लागत होते. ३१७ होते. उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीचे १० खासदार घ्यावे लागले आणि त्यांच्या प्रांताला एक अब्ज पौंड द्यावे लागले. ब्रेक्झिटचं घड्याळ मे यांनी २९ मार्चला स्वतःच सुरू केलं होतं, दोन वर्षांचं. त्यातले सात आठवडे प्रचारात गेले, आणि हात बळकट व्हायचे ते दहा जणांकडे गहाण पडले. आयर्लंडच्या सीमेच्या मुद्द्यावर त्याच दहा जणांनी साथ सोडली आणि जानेवारी २०१९ मध्ये मे यांचा ब्रेक्झिट करार संसदेत २३० मतांनी पडला.

कॉर्बिन यांच्याकडूनही शीक, पण उलट बाजूने. २६२ जागा म्हणजे पराभवच होता. त्यांच्या गोटाने तो विजयासारखा साजरा केला, पुढच्या वेळी आणखी थोडं जोर लावू म्हणाले. डिसेंबर २०१९ मध्ये ते २०२ वर आले. हरताना मिळालेल्या टाळ्या मोजू नयेत.

आता तुझं काम. कँटरबरी हा एक मतदारसंघ घे. शंभराच्या आसपास वर्षं हुजूर पक्षाकडे होता, २०१५ चं मताधिक्य जवळजवळ दहा हजार, आणि २०१७ मध्ये मजूर पक्षाने तो १८७ मतांनी घेतला. दोन्ही वर्षांची पक्षवार मतं एका कागदावर शेजारी शेजारी मांड. एकूण मतदान किती वाढलं, यूकिपची मतं किती घटली, ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट किती घसरले, आणि हुजूर पक्षाची मतं खरोखर किती कमी झाली, हे वेगवेगळं काढ. शेवटचा आकडा काढण्याआधी अंदाज लिहून ठेव आणि दोन्ही मला पाठव.

तुझा,
शुभचिंतक